मुसळाच्या उंबऱ्यावर वाचलेली वही

ढालगावच्या माळावर बघण्यासारखं आहे तरी काय, असं माझ्या वर्गातल्या चौघींनी मला विचारलं. दिवाळीच्या सुट्टीत कुणी पुण्याला गेली, कुणी मामाकडे कोल्हापूरला, आणि ही बया बापाबरोबर धनगरांच्या माळावर! त्यांना हसू आवरेना. हसा खुशाल. तुम्ही पुण्यात काय पाहिलंत ते मला ठाऊक आहे, कारण तेच दरवर्षी सांगता. मी काय पाहिलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

मला मॅट्रिकला इतिहास घ्यायचा होता. भांडण एवढंच. साताऱ्याच्या आमच्या शाळेत मुलींनी इतिहासाऐवजी आरोग्यशास्त्र घ्यायचा रिवाज आहे. नियम नव्हे हं, रिवाज. हेडमास्तर म्हणाले, "मुलीच्या जातीला लढाया पाठ करून काय करायचंय? मूल आजारी पडलं तर पानिपत सांगणार आहेस त्याला?" वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, मुलाला तापाचं औषध देऊन झाल्यावर सांगीन." मग हसणं थांबलं आणि मला एक अर्ज मिळाला. सुट्टी संपल्यावर पालकांची सही आणायची. सही असली तर इतिहास, नाहीतर मुकाट्यानं आरोग्यशास्त्र.

उंब्रजजवळ, घरी

सही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पण आमच्या घरात तात्यांना विचारल्याशिवाय कागदाला शाई लागत नाही. तात्या म्हणजे आबांचे चुलते, घरातले कर्ते. त्यांना इतिहासाचं वावडं आहे असं मुळीच नाही, उलट वेडच आहे. आमचा मूळपुरुष सटवाजी पानिपतावर पडला, ही गोष्ट ते दर दसऱ्याला सांगतात. "एकोणीस वर्षांचं पोर! अंगाला हळदसुदिक लागली न्हवती!" इथं त्यांचा आवाज भरून येतो. मग छातीवर हात ठेवून म्हणतात, "त्या सटवाजीपास्नं मी सहावा." मग सटवाजीच्या नावाचं पान बाजूला काढतात आणि आम्ही जेवायला बसतो. मी ही गोष्ट सोळा दसरे ऐकली. त्यात काही खटकतंय का, हे सोळा दसरे माझ्याही डोक्यात आलं नाही.

लढाई संपून आबा घरी आले, तेव्हापासून तात्यांच्या गोष्टीला एक शेपूट जोडलं गेलं आहे. "आपल्या घराण्यात हात वर करून माघारी कुनी आलं न्हवतं." आबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार होते, आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांशी लढताना पकडले गेले आणि तीन वर्षं कैदेत होते. सुटून आले तेव्हा त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. तात्या ते शेपूट आबांकडे न बघता म्हणतात. आबाही पानातून मान वर करत नाहीत. माझ्या शाळेच्या अर्जावर 'पालकाचा धंदा' असा एक रकाना असतो. तिथं आबांनी परत आल्यापासून 'शेती' एवढंच लिहिलं आहे. हवालदार हा शब्द कधी लिहिला नाही.

अर्ज बघून तात्या गडगडून हसले. "इतिहास? आमचा इतिहास आमाला तोंडपाठ हाय की गं! एक गोष्ट आन आमच्या घरान्याची, जी मला ठावं न्हाई. मग करू दे त्येला सही."

"कुठूनही आणली तर चालेल?"

"आन की! हेळव्याच्या वहीतनं आन."

हेळवी म्हणजे आमच्याकडे बैलावर बसून येतात ते, घराघराच्या वंशावळी सांगणारे. दारात उभं राहून सात पिढ्या गाऊन दाखवतात, धान्य घेतात, नवीन जन्मलेल्या मुलग्यांची नावं वहीत लिहून पुढे जातात. आमच्या घरचा हेळवी चार-पाच वर्षांतून एकदा फिरकतो, म्हणून तात्यांनी ते नाव बिनघोर घेतलं होतं. पण आमच्या रानात मेंढरं बसवायला आलेला धनगर ओसरीच्या कडेला तंबाखू मळत होता. तो सहज म्हणाला, "हेळवी व्हय? यल्लाप्पा? त्यो आमच्या वाडीला उतरलाय की, ढालगावच्या अल्याड."

तात्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "पोरगी एकली जानार काय तिकडं?"

"मी जातो तिच्यासंगं," आबा म्हणाले. घरात आल्यापासून आबा तात्यांच्या बोलण्यावर काही म्हणाले ते हेच पहिलं.

मसूर ते ढालगाव

मसूरला गाडी धरली. आबांच्या अंगात लष्करातला जाड कोट, माझ्या मांडीवर हेळव्याला द्यायची गुळाची ढेप. समोर खादीवाले एक गृहस्थ घोंगडी पांघरून बसले होते. कराड येईपर्यंत ते कोटाकडे टक लावून होते, मग राहवलं नाही. "इंग्रज चालला, पण त्याचा कोट काही उतरत नाही लोकांच्या अंगावरचा."

आबा खिडकीबाहेर बघू लागले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "कोट इंग्रजाचा आहे हो काका, पण थंडी आमचीच आहे. तुमची घोंगडी देता का?" डब्यातल्या बाया फिस्सकन हसल्या. गृहस्थांनी घोंगडी अंगाशी ओढून घेतली आणि पुढे मिरजेपर्यंत डोळे मिटून घेतले.

"असं बोलू नगं गं," आबा हळूच म्हणाले. "सारी तेच म्हंत्यात. भाईर इंग्रजाची चाकरी केली म्हून, घरात हात वर केलं म्हून. कुनाकुनाला उत्तर दिशील?"

"भेटेल त्याला देईन," मी म्हटलं.

मिरजेला गाडी बदलायची होती. फलाटावर निम्मी माणसं कानडी बोलत होती आणि निम्मी असं मराठी, की तेही मला आधी कानडीच वाटलं. भडंग घेतलं. आमच्याकडे चुरमुऱ्याला तिखटमीठ लावलं की झालं, इथं लसूण तळून घालतात आणि वर शेंगदाणे सोडतात सढळ हातानं. दोन पुड्या संपवल्या तेव्हा लक्षात आलं, की बाकड्यावर ठेवलेल्या ढेपेला मुंग्या लागल्यात. आबांनी फलाटावरच ढेप सोडली आणि फडक्यानं मुंग्या झाडायला बसले. कैदेत पावाच्या तुकड्यावरच्या मुंग्या अशाच झाडायचो, म्हणाले. लढाईचं एवढं तरी ते पहिल्यांदाच बोलत होते. मी नुसती ढेप फिरवून धरली. विचारलं की ते गप्प होतात.

मिरजेहून पुढची छोटी गाडी म्हणजे चेष्टाच! चढावर ती एवढी हळू चालते, की एक म्हातारा उतरला, बाभळीआड जाऊन आला आणि पुन्हा आपल्याच डब्यात चढला. ऊस संपला, मग हिरवं सगळंच संपलं. ढालगावला उतरलो तेव्हा चहूकडे माळ, त्यावर वाळलेलं कुसळ आणि लांबवर मेंढरांचा एक पांढरा पट्टा. कृष्णाकाठच्या माणसाचा असलं रान बघून घसा कोरडा पडतो.

आबा मात्र थांबून बघत राहिले. "आस्संच हुतं तिथं. फकस्त बाभळ न्हवती."

वाडीपर्यंतच्या वाटेत त्यांनी आपणहून सांगितलं. दोन दिवस पाणी नव्हतं. गोळ्या संपल्या होत्या. उंडाळ्याचा एक पोरगा त्यांच्या मांडीवर गेला. मग साहेबानंच हत्यारं खाली ठेवायचा हुकूम दिला.

"मग हे तात्यांना का नाही सांगत?"

"सांगून काय? तात्यांच्या म्होरं सटवाजी हाय. मेलेल्या मानसाशी कोन बरोबरी करनार?"

वाडीत त्या धनगराच्याच घरी उतरलो. आमच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला घागरभर पाणी देतात, इथं तांब्याभर मिळालं. त्यातच चूळ, तोंड आणि पाय. मी पहिल्याच झटक्यात निम्मा तांब्या पायावर ओतला. घरची कारभारीण ते पाणी ज्या मातीत जिरलं तिथं बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं होतं. माडगं मी वाडग्याला बोट फिरवून संपवलं.

मुसळाचा उंबरा

सकाळी हेळव्याच्या पालावर गेलो. यल्लाप्पा साठीचा, कानात बाळी, एक पाय अधू. बैल पालाशेजारी बांधलेला. आबांनी घराणं आणि गाव सांगितलं, ढेप पुढे ठेवली. त्यानं ढेपेला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, "पर वाचनार न्हाई री, धनी."

"का?"

"वही यजमानाच्या उंबऱ्यावर सोडायची असती. रानात सोडली तर पितर कुठं येऊन बसायचं? तुमच्या दारात येतो की पुढच्या साली."

पुढच्या सालापर्यंत मी आरोग्यशास्त्रात पास होऊन बसले असते! मी हुज्जत घालायला लागले, तर तो मला म्हणाला, "आनि लेकीबाळीसमोर तर न्हाईच न्हाई. लेक दुसऱ्याच्या वहीतली."

"दुसऱ्याच्या वहीत जाईन तेव्हा जाईन. मी नाव लिहून घ्यायला नाही आले, वाचलेलं ऐकायला आलेय. ऐकण्यानं वहीचं काय झिजतं?"

"वाच बाबा," आबा म्हणाले. "हिच्यासाटीच आलोय."

यल्लाप्पा मान हलवतच होता. तेवढ्यात पालातून त्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात मुसळ होतं. ते तिनं आमच्यापुढे जमिनीवर आडवं टाकलं, त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि नवऱ्याला म्हणाली, "हा घे उंबरा. वाच आता. पोरगी मसूरहून आलीया." मला त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं.

मुसळापलीकडे यल्लाप्पा, अलीकडे आम्ही. त्यानं लाल फडक्यातून वही काढली. लांबट, कडा काळ्या पडलेली, मोडी अक्षरांनी भरलेली. डोळे मिटून त्यानं गायला सुरुवात केली. काय आवाज! मूळ गाव, कुलदैवत, एकेक पुरुष. मग सटवाजी आला. "सटवाजी गेला हिंदुस्तानात, पानिपतावर ठेविला देह..." तात्या सांगतात ते जसंच्या तसं. माझं तोंड कडू झालं. ढेपही गेली आणि इतिहासही गेला.

आमचे इतिहासाचे मास्तर एक गोष्ट नेहमी सांगतात: ऐकलंस ना, आता कागद बघ. मोडी मला वाचता येते, शाळेत शिकलेय. यल्लाप्पाचे डोळे मिटलेले होते आणि वही मांडीवर उघडी. मी मुसळावरून वाकले. त्याचं बोट जिथं होतं तिथं स्वच्छ लिहिलं होतं: 'सटवाजी. पानिपताहून परत आला. दुसरे साली लग्न, बायको कवठ्याची. पोटी दोन.'

"थांबा!" मी ओरडले. "वहीत असं नाहीये!"

गाणं तुटलं. यल्लाप्पानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. रागावेल असं वाटलं होतं. पण तो कसनुसा हसला. "मोडी येतंय व्हय गं, अव्वा?"

"येतंय. खोटं का गायलात?"

"ह्या धन्याच्या आज्यानं माझ्या बापाला सांगितलेलं, सटवाजी पडला म्हून गा. सगळ्या गावांत पानिपतावर पडल्याला एक तरी मानूस हाय, आमच्याच घरात का न्हाई? दारात दान मागायला हुबा ऱ्हायलेला मानूस यजमानाला न्हाई कसं म्हनंल? गळ्यातलं यजमानाचं, अव्वा. पर वहीत खोटं घालायचं न्हाई, ही बापाची आन हाय. वही आमची."

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हळद न लागलेलं एकोणीस वर्षांचं पोर पानिपतावर मेलं, तर तात्या त्याच्यापासून सहावे कसे? मी मोठ्यानं हसले. सोळा दसरे पुरणपोळी खाल्ली, पण ही साधी बेरीज घरात एकानंही केली नव्हती. आणि मी म्हणे इतिहास घेणार!

आबा हसले नाहीत. त्यांनी यल्लाप्पाला विचारलं, "परत आला... म्हंजी कसा आला, काय लिवलंय का?"

"न्हाई, धनी. परत आला, यवढंच."

आबांनी मुसळाच्या अलीकडूनच हात लांब करून त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना मोडी येत नाही. तरी बराच वेळ बोट तिथंच होतं. निघताना यल्लाप्पानं दौत काढली. "धनी, तुमच्या नावापुढं काय लिवू?"

"नाव लिवा. बाकी काय न्हाई," आबा म्हणाले.

परतीची वाट

छोट्या गाडीत मी नुसती उतू जात होते. घरी जाऊन कुठल्या शब्दांत सांगायचं ते जुळवत होते. मिरज आली तेव्हा आबा म्हणाले, "शेवंते, पानिपताचं सांगू नगंस."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"तात्या म्हातारं मानूस. त्येंच्याजवळ दुसरं हाय काय? सटवाजीची बायको कवठ्याची हुती, यवढंच सांग. तेबी त्येंना ठावं न्हाई. अट पुरी झाली. मी सही करतो. इतिहास घे तुजा."

खरं सांगते, क्षणभर मोह पडला. सही मिळत होती, भांडण टळत होतं, म्हाताऱ्याचं मनही राखलं जात होतं. काय बिघडलं असतं? पण दर दसऱ्याला ते शेपूट पुन्हा ऐकायचं आणि आबांची पानात घातलेली मान पुन्हा बघायची. ते सुद्धा वही डोळ्यांनी वाचून आल्यावर!

"मग मी आरोग्यशास्त्र घेते," मी म्हटलं.

"आं?"

"कागद वाचून लपवायचाच असेल तर इतिहास कशाला घेऊ? तापाचं औषध शिकते. निदान ते खरं असतं."

 मिरजेला घेतलेली भडंगाची पुडी मसूरपर्यंत दोघांच्या मधे तशीच राहिली.

ओसरीवर

तात्या वाटच बघत होते. "काय आनलंस गं?"

मी आबांकडे बघितलं. ते कोटाची बटणं काढत होते. ना हो म्हणाले, ना नको. मग मी सांगून टाकलं. गळ्यातलं, वहीतलं, सगळं. चुलीपुढे आईच्या हातातली भाकरी थापायची थांबली.

"हेळवी खोटारडा हाय!" तात्या उठून उभे राहिले. "तुज्या मोडीला आग लागो!"

"लागू दे. पण तात्या, सटवाजीला हळद लागली नव्हती ना?"

"न्हवती!"

"आणि तुम्ही त्याच्यापासून सहावे ना?"

"सहावा!"

"कसे?"

 तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग बोटं धोतरात पुसली आणि ओरडले, "घरान्याची अब्रू माळावर मांडून आलीस! सही हुनार न्हाई! लिवून ठेव!"

"तात्या," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "सटवाजी माघारी आला. म्हून तुमी हाय, ही हाय. मीबी माघारी आलोय. आता ह्या घरात त्येची लाज धरायची न्हाई."

त्यांनी कोनाड्यातून दौत-टाक घेतली, अर्ज मागितला आणि भिंतीकडे तोंड करून लिहीत बसले. एका सहीला लागतो त्यापेक्षा बराच वेळ. तात्या परसात निघून गेले ते जेवायलाही आले नाहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुन्हा सांगावं लागलं तर सांगीन का? सांगीन.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उचलून निघाले तेव्हा ते दारात बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठली म्हनलीस त्येची बायको?"

"कवठ्याची."

"हं," म्हणाले. "नाव न्हाई व्हय लिवलं तिचं?"

"नाही."

"लिवाय पायजे हुतं," तात्या म्हणाले, आणि मला वाट दिली.

अर्ज मी साताऱ्यात हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला, तोवर उघडलासुद्धा नव्हता. त्यांनी चष्मा लावला, सही बघितली, मग वरच्या रकान्यात अडखळले. अर्ज माझ्याकडे फिरवला. "हे काय लिहिलंय? हा धंद्याचा रकाना आहे."

आबांच्या जाडजूड अक्षरात तिथं लिहिलं होतं: 'हवालदार. लढाईवरून परत आलो. आता शेती.'

मला एकदम काही दिसेना. डोळे पुसायला पदर सापडेना, म्हणून तशीच उभी राहिले.

"असं लिहीत नसतात," हेडमास्तर म्हणाले. "मधली ओळ खोडून दे. शाई आहे इथं."

"नाही खोडणार, सर."

"अगं, अर्ज परत जाईल."

"जाऊ दे. पुन्हा आणीन. पुन्हा हेच लिहिलेलं असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या ओळीकडे. मग टाक दौतीत बुडवला, विषयाच्या रकान्यात 'इतिहास' असं लिहिलं आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवून दिला.